समुद्रावरची अर्थव्यवस्था आणि तिचा कारभार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समुद्रातून होणाऱ्या कमाईची चर्चा बहुधा उलाढालीच्या आकड्यांनी सुरू होते आणि नियमांचा विषय शेवटी, वेळ उरल्यास येतो. खालील उत्तरांत हा क्रम मुद्दाम उलटा ठेवला आहे. समुद्रातली बरीचशी संपत्ती कोणाच्याच नावावर नसते. ती कोणी, किती आणि कोणत्या अटींवर घ्यायची हे आधी ठरले नाही, तर ती कोणाच्याच हाती उरत नाही, असा अनुभव जगभर आलेला आहे.

नील अर्थव्यवस्था म्हणजे नक्की काय? समुद्रावर चालणारा प्रत्येक व्यवसाय तिच्यात मोडतो का?

मासेमारी, मत्स्यसंवर्धन म्हणजे माशांची शेती, जहाजवाहतूक, बंदरे, किनारी पर्यटन, समुद्रातील पवनऊर्जा, तळातील तेल व वायू, समुद्राखालून जाणाऱ्या दूरसंचार तारा या सगळ्यांना मिळून सागरी अर्थव्यवस्था म्हणता येईल. नील अर्थव्यवस्था हा शब्द त्याहून मर्यादित अर्थाचा आहे. २०१२ साली रिओ येथील संयुक्त राष्ट्रसंघाच्या परिषदेच्या सुमारास छोट्या बेटदेशांनी तो लावून धरला, तेव्हा त्यांचे म्हणणे असे होते की, ज्या देशांजवळ जमीन नावापुरती आणि समुद्र अफाट आहे, त्यांच्या विकासाचा विचार समुद्राची उत्पादकता राखूनच व्हायला हवा. पुढे हा शब्द सोयीप्रमाणे ताणला गेला आणि आज समुद्रकाठच्या कोणत्याही प्रकल्पाला तो चिकटवलेला दिसतो. आमच्या मते कसोटी सोपी आहे: एखाद्या व्यवसायामुळे समुद्राची पुढच्या पिढीला देण्याची क्षमता घटत असेल, तर त्याची उलाढाल कितीही मोठी असो, त्याला नील म्हणू नये.

समुद्र नक्की कोणाच्या मालकीचा आहे?

याचे उत्तर किनाऱ्यापासून आपण किती दूर आहोत यावर अवलंबून आहे. १९८२ साली स्वीकारला गेलेला आणि १६ नोव्हेंबर १९९४ पासून लागू झालेला संयुक्त राष्ट्रसंघाचा सागरी कायदा करार समुद्राचे पट्टे पाडतो. आधाररेषेपासून, म्हणजे साधारणपणे किनाऱ्यावरील ओहोटीच्या रेषेपासून, १२ सागरी मैलांपर्यंतचा प्रादेशिक समुद्र जवळपास जमिनीसारखाच त्या देशाच्या सार्वभौमत्वाखाली असतो. परदेशी जहाजांना तेथून निरुपद्रवी मार्गाने जाण्याची मुभा मात्र असते. २०० सागरी मैलांपर्यंतच्या पट्ट्याला अनन्य आर्थिक क्षेत्र म्हणतात. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा असल्याने हे अंतर ३७० किलोमीटर भरते. समुद्रबूड जमीन त्याहीपलीकडे पसरलेली असेल, तर वैज्ञानिक पुरावे देऊन तळावरील हक्क आणखी पुढे नेता येतो.

त्यापलीकडचा खुला समुद्र हा पृथ्वीवरील महासागरांच्या पृष्ठभागाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग आहे. तेथील पाण्यात सर्वांना संचाराचे आणि मासेमारीचे स्वातंत्र्य आहे. तेथील तळ मात्र साऱ्या मानवजातीचा सामाईक वारसा मानला गेला आहे. माल्टाचे राजदूत आर्विद पार्दो यांनी १ नोव्हेंबर १९६७ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेपुढे ही कल्पना मांडली होती. एकाच ठिकाणी वरचे पाणी कोणाचेच नाही आणि खालचा तळ सर्वांचा, ही विभागणी लक्षात ठेवली की सागरी कारभारातले निम्मे वाद उलगडू लागतात.

अनन्य आर्थिक क्षेत्रात किनारी देश काहीही करू शकतो का?

नाही. तेथे देशाला साधनसंपत्तीवर हक्क मिळतो, संपूर्ण सार्वभौमत्व मिळत नाही. इतर देशांची जहाजे तेथून जाऊ शकतात, विमाने वरून उडू शकतात, तारा टाकता येतात. त्याशिवाय हक्काबरोबर कर्तव्येही येतात: किती मासे धरू द्यायचे हे ठरवणे, अतिमासेमारीने साठा धोक्यात येणार नाही हे पाहणे, आणि कराराच्या १९२ व्या अनुच्छेदानुसार सागरी पर्यावरणाचे रक्षण करणे. कर्तव्यांचा हा भाग राजकीय भाषणांत क्वचितच ऐकू येतो.

किती मासे धरावेत हे कसे ठरते आणि तरीही साठे का कोसळतात?

माशांचा साठा हा व्याज देणाऱ्या मुदलासारखा असतो. दर वर्षी नवी पिले साठ्यात येतात, काही मासे नैसर्गिकरीत्या मरतात. या दोहोंतील फरकाइतके मासे काढले तर मुद्दल शाबूत राहते. जास्तीत जास्त शाश्वत उत्पन्न या संकल्पनेमागचे गणित एवढेच आहे. अडचण मोजणीची आहे. मासे दिसत नाहीत, फिरतात, एकमेकांना खातात, आणि पाण्याचे तापमान बदलले की स्थळ बदलतात. त्यामुळे अंदाज पकडलेल्या माशांवरून बांधावा लागतो, आणि नेमका तोच फसवा ठरू शकतो; कारण थवे करून राहणारे मासे उरलेल्या थोड्या जागेत एकवटतात आणि साठा घटत असतानाही जाळी भरूनच येतात.

कॅनडाच्या न्यूफाउंडलंडजवळील कॉड माशाचे उदाहरण या संदर्भात वारंवार द्यावे लागते. १९६८ च्या सुमारास तेथे वर्षाला सुमारे आठ लाख टन कॉड काढला जात होता, त्यात परदेशी ट्रॉलरांचा वाटा मोठा होता. १९७७ मध्ये कॅनडाने २०० मैलांचे क्षेत्र जाहीर केले, परदेशी जहाजे बाहेर गेली, आणि त्यांची जागा देशी ट्रॉलरांनी घेतली. पुढच्या दशकात किनाऱ्यालगत छोट्या होड्यांनी मासेमारी करणारे लोक मासे कमी आणि आकाराने लहान होत चालल्याचे सांगत होते. मोठ्या ट्रॉलरांच्या पकडीवर बरेचसे विसंबलेले अंदाज मात्र साठा ठीक असल्याचे दाखवत राहिले. २ जुलै १९९२ रोजी सरकारला व्यापारी मासेमारी बंद करावी लागली आणि सुमारे तीस हजार लोकांचा रोजगार एका घोषणेने गेला. ही बंदी काही वर्षांसाठी असेल असे तेव्हा वाटले होते. ती २०२४ पर्यंत टिकली. मालकी निश्चित झाली म्हणजे संपत्ती आपोआप वाचते, हा समज या घटनेने खोटा ठरवला. हक्क मिळाल्यानंतर स्वतःचा हात आवरण्याची व्यवस्थाही उभारावी लागते.

जगाचे आजचे चित्रही निश्चिंत होण्यासारखे नाही. संयुक्त राष्ट्रसंघाच्या अन्न व कृषी संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार, तपासलेल्या सागरी साठ्यांपैकी ३७.७ टक्के साठ्यांतून २०२१ मध्ये शाश्वत पातळीपेक्षा जास्त मासे काढले जात होते. मात्र जेथे मोजणी नियमित होते आणि मर्यादा पाळल्या जातात तेथे साठे सावरतात, हेही तितकेच खरे आहे.

मासेमारीला सरकारे अनुदान का देतात आणि त्यात गैर काय आहे?

किनारी भागातील रोजगार टिकावा हा हेतू बहुतेक ठिकाणी प्रामाणिक असतो. प्रश्न अनुदान कशासाठी दिले जाते याचा आहे. डिझेल स्वस्त केले किंवा मोठी जहाजे बांधायला मदत केली, तर जी सफर एरवी तोट्यात गेली असती तीही परवडू लागते आणि घटलेल्या साठ्यामागे आणखी जहाजे धावतात. २०१८ सालासाठीच्या एका जागतिक अंदाजानुसार मासेमारीला मिळणारी सार्वजनिक मदत सुमारे ३५ अब्ज डॉलर होती आणि तिच्यातील सुमारे २२ अब्ज डॉलर पकडक्षमता वाढवणाऱ्या प्रकारांवर खर्च झाले. संशोधन, देखरेख, सुरक्षा साधने किंवा बंदीच्या काळातील निर्वाहभत्ता यांवर खर्च झालेला पैसा याच हिशोबात ओढू नये.

जागतिक व्यापार संघटनेने वीस वर्षांहून अधिक काळ चाललेल्या वाटाघाटींनंतर १७ जून २०२२ रोजी याविषयीचा करार स्वीकारला आणि १५ सप्टेंबर २०२५ पासून तो लागू झाला. बेकायदा मासेमारी, अतिमासेमारीने खालावलेले साठे आणि कोणाच्याच नियंत्रणाखाली नसलेला खुला समुद्र या तीन बाबतींत तो अनुदानावर बंधने आणतो. पकडक्षमता वाढवणाऱ्या अनुदानाचा सर्वसाधारण प्रश्न त्यात सुटलेला नाही, आणि तोच मोठा आहे.

बेकायदा मासेमारी थांबवणे इतके अवघड का आहे?

जहाजावर कायदा चालतो तो प्रामुख्याने त्याच्या ध्वजाच्या देशाचा. जहाजाचा मालक एका देशात, खलाशी दुसऱ्या देशाचे, नोंदणी तिसऱ्याच देशात, आणि त्या तिसऱ्या देशाला फक्त नोंदणी शुल्कात रस, अशी स्थिती असली की जबाबदारी हवेत विरून जाते. सागरी कायदा करार जहाज आणि ध्वजदेश यांच्यात खरा संबंध असावा असे म्हणतो. तो संबंध कसा तपासायचा हे त्याने स्पष्ट केलेले नाही. त्यातच खोल समुद्रात एका जहाजावरून दुसऱ्या जहाजावर माल चढवला की कोणता मासा कोठला, हे ओळखणे अशक्यप्राय होते.

म्हणून नियंत्रण समुद्राऐवजी बंदरावर ठेवण्याचा मार्ग काढला गेला. मासा कोठेही पकडलेला असो, तो कधीतरी धक्क्यावर उतरवावाच लागतो. २००९ मध्ये स्वीकारलेल्या आणि ५ जून २०१६ पासून लागू झालेल्या बंदरदेशांच्या उपाययोजनांच्या करारानुसार संशयित परदेशी जहाजाला बंदरात प्रवेश नाकारता येतो, त्याची तपासणी करता येते आणि ती माहिती इतर देशांना कळवता येते. समुद्रभर गस्त घालण्यापेक्षा हे स्वस्त आहे. शेजारचे एखादे बंदर डोळेझाक करत असेल तर मात्र सगळा माल तिकडे वळतो, म्हणून या साखळीला एकही ढिली कडी चालत नाही.

कोटा आणि परवाने विकल्याने प्रश्न सुटतो का?

काही अंशी सुटतो, पण त्याची किंमत कोण मोजतो हे पाहावे लागते. आइसलँडने मासेमारीचे हस्तांतरणीय कोटे, म्हणजे विकता-घेता येणारे पकडीचे ठरावीक वाटे, रूढ केले. आपला वाटा निश्चित आहे हे कळल्यावर मासे आधी कोण गाठतो ही शर्यत थांबते आणि साठा जपण्यात मालकालाच रस वाटू लागतो. दुसरीकडे कोटे विकले जातात, थोड्या कंपन्यांच्या हाती गोळा होतात आणि पिढ्यान्पिढ्या मासेमारी करणाऱ्या लहान गावांतील लोकांना स्वतःच्याच समुद्रात उतरण्यासाठी भाडे द्यावे लागते.

पॅसिफिकमधील नाउरू कराराच्या आठ देशांनी वेगळा मार्ग निवडला. किरिबाटी, तुवालू, पापुआ न्यू गिनी यांसारख्या या देशांच्या पाण्यात ट्यूना विपुल आहे, तरी एकेकट्याने वाटाघाटी करताना परदेशी कंपन्या त्यांना एकमेकांविरुद्ध खेळवत असत. त्यांनी एकत्र येऊन वर्षभरात सर्व जहाजांना मिळून किती मासेमारीचे दिवस द्यायचे हे ठरवले, ते आपसांत वाटून घेतले आणि दिवसाचा किमान दर बांधला. पुढील दशकभरात त्यांचे परवाना उत्पन्न काही पटींनी वाढले. सागरी कारभारातील इतके स्वच्छ यश आम्हाला दुसरे फारसे दिसत नाही, आणि ते मिळाले ते जगातील अत्यंत लहान देशांना.

मत्स्यसंवर्धन वाढले की समुद्रावरचा ताण कमी होईल ना?

२०२२ मध्ये संवर्धनातून मिळालेल्या जलचर प्राण्यांचे प्रमाण पकडीतून मिळालेल्यांपेक्षा प्रथमच जास्त झाले. ते एकूण उत्पादनाच्या सुमारे ५१ टक्के होते. तरीही सरसकट होकार देता येत नाही. शिंपले, कालवे आणि समुद्री शेवाळ यांना बाहेरून खाद्य लागत नाही आणि शिंपल्या तर पाणी गाळून देतात. उलट मांसाहारी माशांच्या खाद्यासाठी लहान मासे पकडून त्यांचे पीठ व तेल काढावे लागते, आणि कोळंबीच्या तलावांसाठी अनेक देशांत खारफुटीची जंगले तोडली गेली आहेत. कशाचे संवर्धन आणि कोठे, हे विचारल्याशिवाय या प्रश्नाला अर्थ नाही.

खुल्या समुद्राच्या नव्या कराराने काय बदलले?

राष्ट्रीय अधिकारक्षेत्राबाहेरील जैवविविधतेचा करार १९ जून २०२३ रोजी स्वीकारला गेला, साठ देशांचे अनुसमर्थन सप्टेंबर २०२५ मध्ये पूर्ण झाले आणि १७ जानेवारी २०२६ पासून तो लागू झाला. खुल्या समुद्रात संरक्षित क्षेत्रे घोषित करण्याची जागतिक पद्धत यामुळे पहिल्यांदा मिळाली. मोठ्या प्रकल्पांपूर्वी पर्यावरणीय परिणामांचा अभ्यास करण्याचे नियम आले. खोल समुद्रातील जीवांच्या जनुकीय माहितीतून औषधे किंवा इतर उत्पादने तयार झाली, तर लाभाचा वाटा सर्वांना मिळावा हे तत्त्वही मान्य झाले. तथापि मासेमारी आणि समुद्रतळातील खाणी यांवर देखरेख करणाऱ्या संस्था आधीपासून आहेत आणि हा करार त्यांच्या अधिकारांना धक्का लावत नाही, त्यामुळे या संस्था सहकार्य करतात की नाही यावर त्याचा खरा परिणाम ठरेल.

खोल समुद्रात खाणकाम सुरू झाले आहे का?

आंतरराष्ट्रीय समुद्रतळावर व्यापारी उत्खननाचा परवाना अद्याप कोणालाही मिळालेला नाही. जमैकातील किंग्स्टन येथे मुख्यालय असलेल्या आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाने दिले आहेत ते फक्त शोधकार्याचे करार. त्यांतील सर्वाधिक करार हवाई आणि मेक्सिको यांच्या दरम्यान पसरलेल्या क्लॅरियन-क्लिपर्टन पट्ट्यातील आहेत. तेथे चार ते साडेपाच हजार मीटर खोलीवर मँगनीज, निकेल, कोबाल्ट आणि तांबे असलेले बटाट्याएवढे गोळे तळावर विखुरलेले आहेत. ते दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर या गतीने वाढतात, आणि अनेक जीवांना त्या चिखलात चिकटायला हीच एकमेव कठीण जागा असते. गोळे उचलले की ती जागा मानवी कालगणनेत परत येत नाही. पेरूजवळच्या तळावर १९८९ मध्ये प्रयोगासाठी ओढलेल्या नांगराच्या खुणा २०१५ मध्ये शास्त्रज्ञांना जशाच्या तशा दिसल्या.

जून २०२१ मध्ये नाउरूने दोन वर्षांत नियम पूर्ण करण्याची मागणी करणारे कलम वापरले. ती मुदत उलटली तरी खाणकामाचे नियम पूर्ण झालेले नाहीत. तीसहून अधिक देशांनी तूर्त थांबण्याची किंवा बंदीची भूमिका घेतली आहे. अमेरिका सागरी कायदा करारात सामील नाही आणि एप्रिल २०२५ मध्ये तिने स्वतःच्या कायद्याखाली परवाने देण्याची तयारी दाखवली. ही गोष्ट आम्हाला अत्यंत गंभीर वाटते. धातूंची गरज खरी आहे, हे मान्य करूनही सामाईक वारशावर एखाद्या देशाने एकतर्फी हात टाकला, तर पार्दो यांनी मांडलेल्या तत्त्वातून उरणार काय?

जहाजवाहतुकीवर कोणाचे नियंत्रण आहे?

जगातील व्यापारी मालापैकी वजनाने ८० टक्क्यांहून अधिक माल समुद्रमार्गे जातो आणि त्याचे नियम लंडनमधील आंतरराष्ट्रीय सागरी संघटना करते. १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातील गंधकाची कमाल मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्के झाली, आणि ती जवळपास सर्वत्र पाळली गेली. हरितगृह वायूंबाबत तसे झालेले नाही: २०५० च्या आसपास निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट २०२३ मध्ये ठरले, पण त्यासाठी उत्सर्जनावर किंमत लावणाऱ्या आराखड्याचा निर्णय ऑक्टोबर २०२५ मध्ये एका वर्षासाठी पुढे ढकलला गेला.

संरक्षित क्षेत्रांमुळे मच्छीमारांचे नुकसान होत नाही का?

होऊ शकते, आणि जेथे लोकांना न विचारता नकाशावर रेघ ओढली गेली तेथे झालेही आहे. अशी अनेक क्षेत्रे कागदावरच राहतात, कारण त्यांच्यावर लक्ष ठेवायला ना पैसा असतो ना स्थानिकांची इच्छा. डिसेंबर २०२२ मध्ये मॉन्ट्रियल येथे ठरलेले २०३० पर्यंत ३० टक्के समुद्र संरक्षित करण्याचे उद्दिष्ट गाठण्याच्या घाईत ही चूक पुन्हा होण्याचा धोका आहे.

मेक्सिकोतील काबो पुल्मोची गोष्ट उलट आहे. मासे घटल्याचे पाहून तेथील मासेमारी कुटुंबांनीच आग्रह धरला, १९९५ मध्ये राष्ट्रीय उद्यान घोषित झाले, आणि मासेमारीबंदीची देखरेखही त्यांनीच केली. १९९९ ते २००९ या दहा वर्षांत तेथील माशांचे एकूण वस्तुमान ४६० टक्क्यांहून अधिक वाढले.

हवामानबदलाचा सागरी कायद्याशी काय संबंध आहे?

मानवी उत्सर्जनामुळे पृथ्वीवर साठलेल्या अतिरिक्त उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून अधिक उष्णता महासागरांनी शोषली आहे. २१ मे २०२४ रोजी हॅम्बुर्ग येथील आंतरराष्ट्रीय सागरी कायदा न्यायाधिकरणाने छोट्या बेटदेशांच्या विनंतीवरून दिलेल्या सल्लारूप मतात हरितगृह वायूंचे उत्सर्जन हे सागरी प्रदूषण ठरवले, म्हणजेच ते रोखण्याची जबाबदारी सागरी कायदा करारातूनच देशांवर येते.

आणखी एक प्रश्न आधाररेषेचा आहे. समुद्र वर चढला आणि बेट आक्रसले, तर २०० मैलांची मोजणी कोठून करायची? ऑगस्ट २०२१ मध्ये पॅसिफिक बेटदेशांच्या मंचाने जाहीर केले की, एकदा निश्चित केलेली आपली सागरी क्षेत्रे पाणी चढल्यामुळे कमी होणार नाहीत. ज्या देशांच्या सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग ट्यूनाच्या परवान्यांतून येतो, त्यांच्यासाठी हा अस्तित्वाचा प्रश्न आहे.

या सगळ्यासाठी पैसा कोठून येतो?

गरजेपेक्षा फारच कमी येतो. सेशेल्सने ऑक्टोबर २०१८ मध्ये दीड कोटी डॉलरचे जगातील पहिले सार्वभौम नील कर्जरोखे, म्हणजे सागरी कामांसाठी सरकारने विकलेले रोखे, काढले; त्याआधी कर्जाची पुनर्रचना करून घेताना आपल्या सागरी क्षेत्राचा ३० टक्के भाग संरक्षित करण्याचे वचन दिले होते, आणि ते २०२० मध्ये पूर्ण केले. असे व्यवहार उपयुक्त असले तरी कर्ज हे शेवटी कर्जच असते. हानिकारक अनुदानांचा पैसा देखरेखीकडे वळवणे हा त्याहून सरळ मार्ग आहे.

निर्णय घेताना लहान मच्छीमारांना खरोखर विचारले जाते का?

क्वचितच. जगातील पकडीचा किमान ४० टक्के वाटा लहान मासेमारीतून येतो आणि पकडीच्या मासेमारीशी निगडित रोजगारांपैकी सुमारे ९० टक्के तिथेच आहेत. मासे निवडणे, सुकवणे, विकणे ही कामे धरली तर या रोजगारातील दहापैकी चार जण स्त्रिया आहेत. तरी नोंदणी होडीच्या नावावर होत असल्याने त्या मोजणीतून वगळल्या जातात, आणि मग नुकसानभरपाई किंवा बंदीकाळातील भत्ता ठरतो तेव्हा त्यांचे नाव यादीत नसते. समुद्रात पवनचक्क्या, बंदरे किंवा संरक्षित क्षेत्र यांची आखणी करताना हीच यादी हाती घेतली जाते, त्यामुळे तिच्यात जे नाहीत त्यांचे पारंपरिक मासेमारीचे ठिकाण नकाशावर मोकळे पाणी म्हणून दाखवले जाते. अन्न व कृषी संघटनेने २०१४ मध्ये लहान मासेमारीसाठी ऐच्छिक मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. पाण्याच्या वापराचे परंपरागत हक्क नोंदवून घ्यावेत आणि आखणीआधी त्या लोकांशी बोलावे, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. ती बंधनकारक नाहीत. म्हणून कोणत्याही सागरी आराखड्याचा मसुदा हाती आला, तर आधी त्याच्या नकाशात मोकळे म्हणून रंगवलेल्या भागात कोण जाळी टाकते, हे त्या किनाऱ्यावरच्या लोकांना विचारून घ्यावे.